परके बंदर

ज्याने बालपणी आपल्या गावच्या बंदरात गळ टाकला, त्याला जगातील सारी बंदरे ओळखीचीच वाटत असतात. समुद्र एक, त्याचे पाणी सर्वत्र खारट आणि मासा सर्वत्र भुकेला. मग गळ मालवणास टाकला काय किंवा सिडनीस टाकला काय, फरक तो कोणता? अशा समजुतीने आम्ही एका वर्षीच्या जून महिन्यात सिडनी बंदरात आमच्या एका स्नेह्यांच्या होडीत पाय ठेवला. ऑगस्टात नारळी पौर्णिमा आली, तोपर्यंत त्या समजुतीचा बहुतेक भाग समुद्रार्पण झाला होता. जो थोडा शिल्लक उरला, त्याविषयी दोन शब्द लिहावे म्हणून हा प्रपंच.

आमचे हे स्नेही मूळचे घाटावरचे. बालपण कृष्णाकाठी गेले. समुद्र त्यांनी प्रथम पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. नोकरीच्या निमित्ताने सिडनीस जाऊन त्यांना तीस वर्षे झाली, आणि तेथून काही तासांच्या वाटेवर असलेल्या स्नोई पर्वतातील नद्यांच्या काठी त्यांना फ्लाय फिशिंगचा, म्हणजे कृत्रिम माशी टाकून मासा धरण्याचा नाद लागला. नदीतला ट्राउट त्यांच्या अगदी घरचा. समुद्राशी मात्र त्यांची तोंडओळखही नव्हती. आमचे नेमके याच्या उलट. भरती-ओहोटी, उधाण-भांग, मतलई वारा नि खारा वारा हे शब्द आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. पण माशीने मासा धरतात हे आम्हांस ऐकूनच ठाऊक होते. अर्धी विद्या त्यांची नि अर्धी आमची, दोन अर्धे मिळून एक पूर्ण होईल, असा हिशेब मांडून आम्ही उभयतांनी कन्येच्या घरच्या तीन महिन्यांच्या मुक्कामाचा कार्यक्रम ठरविला. दोन अर्धवट ज्ञाने एकत्र आली की पूर्ण ज्ञान होते असा नियम गणितात असेल. समुद्रावर तो लागू पडत नाही.

पहिले धडे पाण्यावर नव्हे, रोझ बे येथील हिरवळीवर झाले. आमच्या लहानपणचा गळ म्हणजे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, तिच्या टोकाला शिसे, नि गळाला कोळंबी. डोक्याभोवती दोन फेरे देऊन जोराने भिरकावली की शिशाच्या भाराने दोरी लांब जाऊन पडे. ज्याच्या मनगटात जोर त्याचा गळ दूर, असा साधा हिशेब. माशीच्या गळाचे शास्त्र याच्या अगदी विरुद्ध आहे. माशीला वजन असे जवळजवळ नसतेच. वजन असते ते दोरीला. सुमारे पावणेतीन मीटर लांबीच्या लवचीक काठीने ती दोरी आधी पाठीमागे फेकावयाची, ती हवेत पुरती उलगडेपर्यंत थांबावयाचे, नि मग पुढे आणावयाची. सारे रहस्य त्या थांबण्यात आहे. आम्हांस थांबणे जमेना. दोरी चाबकासारखी कडाडे, माशी आमच्याच टोपीत रुते, आणि स्नेही मागून म्हणत, "अहो, तुम्ही दोरी टाकताहात की नारळ फोडताहात? मागे जे गेले आहे ते पुरते जाऊ द्या. मग पुढे या." पोक्त वयात कोणी हिरवळीवर उभे करून आपल्याला थांबावयास शिकवावे, हा अनुभव प्रथम अपमानाचा वाटला, आणि आठ दिवसांनी दोरी एकदा आपोआप सरळ जाऊन पडली तेव्हा फार सुखाचा वाटला.

हिरवळीवरून पाण्यावर गेलो तेव्हा शिष्य आणि गुरू दोघेही आंधळे ठरले. प्रथम दिशाच फिरल्या. कोकणच्या माणसाचा समुद्र पश्चिमेस असतो. त्याचा सूर्य डोंगरावरून येतो नि पाण्यात जातो. येथे सूर्य समुद्रातून वर येई, दुपारी उत्तरेकडे कले, आणि जून महिन्यात थंडीने बोटे आखडत. मुंबईस उधाणाचे पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते. सिडनीस मोठ्या उधाणालाही ते क्वचितच दोन मीटरांपर्यंत जाते. पाणी चढले की ओसरले, हे आम्ही घरी नुसत्या खडकाकडे पाहून सांगू. येथे खडक काही सांगेना. हे बंदर म्हणजे एक बुडालेले खोरे आहे. हिमयुग ओसरून समुद्र चढला तेव्हा पॅरामाटा नदीचे खोरे पाण्याखाली गेले, आणि त्याच्या उपनद्यांच्या घळींचे असंख्य उपसागर झाले. पाण्याखालची प्रत्येक जागा म्हणजे कधीकाळचा एखादा उतार किंवा कडा. प्रवाह कोठे वळतो, कोठे मंदावतो, हे तो उतार ठरवितो. कॅप्टन कुक 1770 साली या बंदराच्या मुखावरून गेला, त्याला पोर्ट जॅक्सन असे नाव दिले, आणि आत न शिरताच पुढे निघून गेला. आमचीही पहिले पंधरा दिवस तीच गत होती. होडी बंदरात होती, परंतु आम्ही अजून बाहेरच होतो.

नावांनीही आमची फसगत केली. स्नेह्यांनी 'किंगफिश' म्हटले की आमच्या तोंडास पाणी सुटे, कारण आपल्याकडे गोव्या-मुंबईच्या खाणावळींत किंगफिश म्हणजे सुरमई, अर्थात इसवण. सिडनीचा किंगफिश हा निराळ्याच कुळातला, पिवळ्या शेपटीचा आडदांड मासा. त्याचा भर उन्हाळ्यात, म्हणून आम्हांस तो काही दिसला नाही. हिवाळ्यात बंदरात येतो त्याला तेथे 'सॅमन' म्हणतात, पण तो सॅमनही नव्हे. बाहेरून आलेल्या इंग्रजांना आपल्या नदीतल्या माशाची आठवण झाली, नि त्यांनी दिसेल त्या रुपेरी माशाला ते नाव देऊन टाकले. रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात तोही असाच सॅमन नव्हे. परक्या पाण्यात माणूस प्रथम आपल्या घरचीच नावे शोधतो, आणि ती सापडली की ओळख पटली असे मानतो. आम्हांस इंग्रजांस हसण्याचा अधिकार नव्हता. आम्ही स्वतः दर दुसऱ्या वाक्यात "हे आमच्याकडच्या अमक्यासारखे" असे म्हणतच होतो.

तो सॅमन आम्हांस रोज दिसे आणि रोज हुलकावणी देई. बंदराच्या मुखाच्या आत 'सो अँड पिग्ज' या नावाचे खडक आहेत. त्यांच्या आसपास सकाळी पाणी एकाएकी उकळल्यासारखे होई, वर सुरय पक्षी घिरट्या घालीत, आणि पाण्यातून रुपेरी पाठी वर येऊन गडप होत. स्नेही माशी नेमकी त्या उकळत्या पाण्यात टाकीत. मासे तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जात. त्यांची माशी बोटभर लांब, हरणाच्या शेपटीच्या केसांची नि जड डोळ्यांची होती. अमेरिकेत बॉब क्लाउझर नावाच्या गृहस्थाने नदीतल्या माशांसाठी ती घडविली, आणि आता ती जगभर समुद्रातही चालते. म्हणावयाची माशी, पण ही माशी मुळी माशी नव्हे. मासोळीचे सोंग होय. एकदा एक सॅमन कसाबसा लागला, तर स्नेह्यांनी नदीतल्या सवयीने काठी झटकन वर उचलली, आणि गळ माशाच्या तोंडातून निसटून आला. नदीत ट्राउटास काठी उचलून अडकवितात. समुद्रात काठी पाण्याकडे रोखलेली ठेवून दोरी हाताने सरळ मागे ओढावी लागते. तीस वर्षांची विद्या त्या एका झटक्यात त्यांच्यावर उलटली. आम्ही काही बोललो नाही. पण टोपीत रुतलेल्या माशीचे उट्टे निघाले असे मनात आले, हे कबूल करणे प्राप्त आहे.

शेवटी उपयोगी पडली ती आमच्या वडिलांची एक साधी गोष्ट. ते म्हणत, माशाकडे पाहू नकोस, तो काय खातो तिकडे पाहा. दुसऱ्या दिवशी होडीत आणलेल्या एका सॅमनने तोंडातून काही ओकले. आम्ही ते तळहातावर घेतले. पेरभर लांबीची, काचेसारखी आरपार दिसणारी पिले. त्यांचे शरीर दिसेना, नुसते दोन काळे डोळे दिसत. तेथील मासेमार या पिलांना 'डोळे' म्हणूनच ओळखतात हे आम्हांस मागाहून कळले. स्नेह्यांनी त्या रात्री जागून तेवढ्याच मापाची माशी बांधली: चार पांढरे केस नि दोन डोळे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला एकामागून एक तीन मासे लागले. दोन अर्ध्या विद्यांची बेरीज झाली ती अशी; पण त्याआधी दोघांनाही आपापल्या अर्ध्यातील बराचसा भाग टाकून द्यावा लागला होता.

आणि नेमक्या त्याच सकाळी आमचे भांडण झाले. तीनही मासे स्नेह्यांनी पाण्यात सोडून दिले. गळाचा काटा त्यांनी आधीच चेपून टाकलेला होता, माशाला हात ओले करून धरीत होते, आणि सोडताना त्यांच्या मुद्रेवर पुण्यकृत्याचे समाधान होते. आम्ही विचारले, "सोडावयाचाच, तर धरावा कशासाठी?" ते म्हणाले, "पाहण्यासाठी." आम्ही म्हणालो, "पाहावयास त्याच्या ओठात लोखंड कशाला हवे?" आमच्या घरी एक नियम होता: चूल आठवून गळ टाकावा. ज्याला खावयाचे नाही त्याला दुखवावयाचे नाही. भुकेसाठी जीव घेणे आम्ही समजू शकतो. करमणुकीसाठी जीव कासावीस करून त्याला जीवदान देणे, यात जीवदान कोणते नि जाच कोणता?

स्नेही मुळीच गप्प बसले नाहीत. त्यांनी दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही आमच्या वर्मी लागली. पहिले असे की, या बंदरातील मासा मनसोक्त खाता येतच नाही. बंदराच्या वरच्या अंगास, होमबुश खाडीच्या काठी, विसाव्या शतकात रासायनिक कारखाने होते. त्यांतून डायॉक्सिन नावाचे विष गाळात उतरले, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत. 2006 साली सरकारने या बंदरातील व्यापारी मासेमारी बंद केली. हौशी लोकांना मुभा आहे, पण सूचना अशी की, 1932 साली उघडलेल्या त्या प्रसिद्ध पुलाच्या पश्चिमेस धरलेला मासा खाऊच नये, आणि पूर्वेस धरलेला सर्वसाधारणपणे महिन्याकाठी 150 ग्रॅमहून अधिक खाऊ नये. "तुमच्या चुलीवर किती ग्रॅम चढवू ते सांगा," असे ते म्हणाले. दुसरे उत्तर याहून कडू होते. "तुमच्या किनाऱ्यावर जाळ्यात जी बोटभर पिल्ले येतात नि वाळूवर टाकली जातात, ती कोणाच्या चुलीला आठवून धरलेली असतात?" आम्ही लहानपणी रापणीची दोरी ओढलेली होती. ओढून झाल्यावर वाळूवर चमचमत राहिलेली ती पिल्ले आम्हांस तत्काळ आठवली. आम्ही उत्तर दिले नाही. होडी किनाऱ्यास लागेपर्यंत दोघांपैकी कोणी बोलले नाही, आणि पुढे आठ दिवस दूरध्वनीही वाजला नाही.

त्या आठ दिवसांत आम्ही एकटेच शहरात हिंडलो. ऑपेरा हाउस ज्या बेनेलाँग पॉइंटवर उभे आहे, त्याच्यावरच्या हिरवळीवर एक भली मोठी, पांढरी, चंद्रकोरीसारखी वस्तू उभी आहे. जूडी वॉटसन या आदिवासी वंशाच्या कलावतीचे हे शिल्प 2022 साली तेथे बसविले गेले. त्याचे नाव 'बारा', आणि बारा म्हणजे गळ. इंग्रज 1788 साली या बंदरात वसाहत करावयास आले, तेव्हा येथील एओरा स्त्रिया शिंपल्याचे गळ घासून तयार करीत, झाडाच्या सालीच्या तंतूंची दोरी वळीत, आणि सालीच्याच हलक्या होड्यांत विस्तव ठेवून, मांडीवर मूल घेऊन गळाने मासे धरीत. पुरुष भाल्याने मासे मारीत. गळ हे स्त्रीचे आयुध. मुलींच्या डाव्या करंगळीची दोन पेरे लहानपणीच काढून टाकीत. दोरी गुंडाळताना अडचण होऊ नये म्हणून, असे तेव्हाच्या इंग्रजांनी लिहून ठेविले आहे. त्या स्त्रियांपैकी बारांगारू हिचे नाव इतिहासात राहिले. ती बेनेलाँगची पत्नी. 1791 साली वारली. ग्रेस कार्स्केन्स या इतिहासलेखिकेने तिच्याविषयी लिहिताना 1790 मधील एक प्रसंग दिला आहे. वसाहतवाल्यांनी बंदराच्या उत्तर टोकाजवळ जाळ्याच्या दोन खेपांत सुमारे 4000 सॅमन ओढून काढले, आणि त्यांतील 40 मासे बेनेलाँगच्या मंडळींस भेट म्हणून पाठविले.

सॅमन तोच, जागाही जवळपास तीच. आम्ही त्या शिल्पाच्या पायथ्याशी बराच वेळ बसलो होतो. आपल्या हाताने, एकेका गळाने, घरापुरते मासे धरून ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बंदर चालविले, त्यांच्यापुढे एका दिवशी 4000 मासे वाळूवर पडले, आणि त्यांना 40 देण्यात आले. दान देणाऱ्याला आपण उदार आहोत असेच वाटले असणार. मग आम्हांस स्नेह्यांच्या मुद्रेवरचे ते समाधान आठवले, आणि लगेच आमची स्वतःची वाळूवरील पिल्लेही आठवली. मासा कसा धरला, काट्याने की जाळ्याने, सोडला की खाल्ला, हा प्रश्न दुसरा. कोठे थांबावयाचे हा पहिला. दोरी मागे उलगडेपर्यंत थांबावयास आम्ही शिकलो होतो. हे थांबणे कोणी शिकविलेले नव्हते.

नवव्या दिवशी स्नेही स्वतःच दाराशी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला सॅमन होता. ते एकटेच गेले होते. माशी लागली, बारीक तंतूवर मासा फार वेळ झुंजला, आणि सोडला तेव्हा उलटा होऊन तरंगू लागला. त्यांनी त्याला धरून पाण्यात पुढे-मागे हालवून पाहिले, कल्ल्यांतून पाणी जाऊ दिले. पण कल्ले हालेनात. "पाहण्यासाठी धरला होता," ते म्हणाले, "आज पुरता पाहिला." यावर आम्ही बोलण्यासारखे काही नव्हते, आणि सुदैवाने आम्ही काही बोललोही नाही. मासा स्वच्छ केला. तेथील लोक सॅमन चवीला हलका मानतात, कारण धरताच त्याचे रक्त काढले नाही तर मांस गडद नि उग्र होते. याचे रक्त काढलेले नव्हते. कन्येने कोकम नि तिरफळ घालून त्याची आमटी केली. ती उग्रच झाली. आम्ही सर्वांनी ती न कुरकुरता खाल्ली, आणि स्नेह्यांनी त्यापूर्वी स्वयंपाकघरातील काट्यावर प्रत्येकाचा वाटा 150 ग्रॅम मोजून दिला.

मग उभयतांचा तह झाला. कायद्याने दिवसाला माणशी पाच सॅमन धरता येतात; आमच्या तहाने होडीला एक. गळाला लागलेला पहिला मासा लगेच मारावयाचा, रक्त काढावयाचे, नि दोरी गुंडाळून घरी यावयाचे. तोही महिन्यातून एकदाच, कारण काट्याने ठरविले होते. आषाढातील अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्हांस आमच्या हाताने टाकलेल्या माशीवर पहिला सॅमन लागला. दोरी बोटावरून धावत असताना बोटाला जी जळजळ झाली, ती आम्हांस पन्नास वर्षांपूर्वीची होती. मासा होडीत येताच स्नेह्यांनी काहीही न बोलता लाकडी दांडका आमच्या हातात दिला. तह आम्हीच मांडला होता, तेव्हा तो घाव आम्हीच घालणे न्याय्य होते. घातला. त्या वेळी सकाळचे आठही वाजले नव्हते, चोहोंकडे मासे उसळत होते, आणि आम्ही दोघे दोरी गुंडाळून परत निघालो. एवढे कठीण काम त्या तीन महिन्यांत दुसरे कोणतेही नव्हते. अमावास्येची आमटी मात्र उत्तम झाली.

पुढे श्रावण लागला. आमच्या घरी श्रावणात मासा वर्ज्य. म्हणजे तहाप्रमाणे गळही वर्ज्य. कोकणात याच दिवसांत होड्या वाळूवर शाकारलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ देऊन मगच त्या पाण्यात लोटतात. पौर्णिमेच्या पहाटे स्नेह्यांनी दूरध्वनी करून म्हटले, "चला, नुसते फिरून येऊ." होडीत काठी पाहून आम्ही भुवया चढविल्या. त्यांनी माशी आमच्या हातावर ठेवली. चार पांढरे केस नि दोन डोळे होते. गळाचे वाकण मात्र पक्कडीने तोडून टाकलेले होते. उरली होती नुसती सरळ काडी.

सूर्य समुद्रातून वर आला. सुरय पक्षी ओरडू लागले, पाणी उसळले, आणि स्नेह्यांनी काठी आमच्याकडे दिली. दोरी मागे गेली, पुरती उलगडली, मग पुढे जाऊन पडली. दोन वेळा ओढताच एका सॅमनने माशी तोंडात घेतली. दोरी बोटावर ताठ झाली, दोन-तीन क्षण तशीच राहिली, माशाची पाठ पाण्याच्या वर येऊन उजेडात चमकली, आणि त्याने माशी थुंकून दिली. दोरी सैल पडली. स्नेही म्हणाले, "पाहिलात?" आम्ही होय म्हणालो. मग आम्ही होडी वळविली. घरी नारळीभाताची वाट पाहणारी मंडळी होती, आणि खोवावयाचा नारळ आमच्या पिशवीत तसाच होता.